पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाही

प्रश्न असा आहे: नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख लाल समुद्र, येमेन, ओमान ओलांडून गुजरात, राजस्थान आणि दिल्लीच्या आकाशात आली, विमानं रद्द झाली. ती बातमी पाहून घरातल्या शाळकरी मुलीनं विचारलं, पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा असेल तर तो मोजक्याच ठिकाणी का बाहेर येतो? दुसऱ्या ग्रहांवरही असंच होतं का? आणि आपला सह्याद्री लाव्हाचा असेल तर त्या ज्वालामुखीचं तोंड कुठे गेलं, आणि ते पुन्हा उघडेल का?

मुलीचा प्रश्न चोख आहे, फक्त त्यातलं पहिलं गृहीतक चुकीचं आहे, आणि तो दोष तिचा नाही. बहुतेक चित्रांमध्ये एक शंकूसारखा डोंगर असतो आणि त्याच्या मधोमध एक लाल नळी थेट पृथ्वीच्या तापलेल्या पोटात उतरलेली असते. इतकी वर्षं भूशास्त्र शिकवताना मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते या चित्राशी.

आपल्या पायाखालचं भूकवच जमिनीवर साधारण ३५-४० किलोमीटर जाड आहे, समुद्राखाली ६-७ किलोमीटर. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे, आणि हे प्रावरण घन खडकाचं आहे. पुरावा भूकंपांनी दिला. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून आरपार जातात. त्या अडतात ते बाह्य गाभ्यापाशी. तो खरोखर द्रव आहे, पण तो वितळलेल्या लोखंडाचा, आणि त्यातला थेंबही कुठल्या ज्वालामुखीतून बाहेर पडत नाही.

मग एवढ्या उष्णतेत प्रावरण वितळत कसं नाही? शंभर किलोमीटर खोलीवर तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तो खडक त्याच तापमानाला इथे टेबलावर ठेवला तर निदान थोडा तरी वितळेल. तिथे वितळत नाही, कारण वरच्या खडकाचं ओझं हवेच्या दाबाच्या सुमारे तीस हजार पट असतं, आणि दाब वाढला की खडकाचा वितळणबिंदूही वाढतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत तापूनही सगळंच्या सगळं उकळून वाफ होत नाही, पण शिट्टी उचलून दाब सोडला की आच न वाढवताही ते खळाखळा उकळायला लागतं. इथे उकळण्याच्या जागी वितळणं धरा. प्रावरणाचा खडक वर सरकू लागला, त्याच्यावरचं ओझं कमी झालं, की तो जवळजवळ तेवढ्याच तापमानाला थोडा थोडा वितळू लागतो. वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. पृथ्वीवरचा बहुतेक शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, असाच तयार होतो, नवीन उष्णता मिळून नव्हे तर ओझं उतरून.

हे ओझं कुठे उतरतं? महासागरांच्या तळाशी, जिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात. अशा मध्यसागरी पर्वतरांगांची एकूण लांबी ६५ हजार किलोमीटरच्या आसपास भरते, आणि ज्वालामुखीचं सर्वाधिक काम तिथे चालतं. वर दोन-अडीच किलोमीटर पाणी असल्यामुळे त्याची बातमी होत नाही. आइसलँड हा याच रांगेचा पाण्यावर आलेला तुकडा. हायली गुब्बी ज्या अफार भागात आहे तिथे हीच प्रक्रिया जमिनीवर चालू आहे. आफ्रिका आणि अरबस्तान तिथे फाटत चालले आहेत आणि पुढेमागे तिथे समुद्र शिरेल.

वितळण्याचा दुसरा रस्ता पाण्याचा, आणि तो ऐकून विद्यार्थी हमखास चकित होतात. समुद्राखालचा जुना, थंड भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा तो आपल्या खनिजांत अडकलेलं पाणीही खाली नेतो. शंभर किलोमीटरच्या सुमाराला दाब आणि उष्णता ते पाणी पिळून काढतात. ते वरच्या प्रावरणात शिरतं आणि खडकाचा वितळणबिंदू काहीशे अंशांनी उतरवतं. म्हणजे खाली उतरतोय तो थंड खडक, आणि त्याच्यामुळे वितळतोय तो त्याच्या वरचा गरम खडक. प्रशांत महासागराभोवतीचं जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, चिलीपर्यंतचं ज्वालामुखींचं कडं असं झालं आहे. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, याच घराण्यातला. १७८७ मधल्या उद्रेकाची त्याची नोंद आहे, मग तो दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटला. तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे.

तिसरा रस्ता सरळ उष्णतेचा: खालून आलेला गरम शिलारस भूकवचात साचतो आणि भोवतालचा खडक वितळवतो. यातून होणारा रस सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असलेला, दाट आणि चिकट असतो. तो पुढे स्फोटांच्या गोष्टीत येईल.

तिन्ही रस्त्यांत खडक पूर्ण वितळत नाही, साधारण ५ ते २० टक्के. हा रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून कणांच्या फटींतून वर झिरपतो आणि वाटेत साचतो. या साठ्याला म्हणतात तो 'मॅग्मा चेंबर' हा शब्द ऐकून द्रवानं भरलेलं भुयार डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक ठिकाणी तिथे स्फटिकांचा दाट लगदा असतो आणि त्याच्या मधल्या जागेत थोडा रस. उद्रेकाआधी तो रस वेगळा होऊन एकत्र यावा लागतो, आणि बहुतेक वेळा ते घडतच नाही. तयार झालेल्या शिलारसातला मोठा वाटा वाटेतच थिजतो, पृष्ठभाग त्याला दिसतही नाही.

आता उद्रेकाकडे. इथे लाव्हापेक्षा वायू महत्त्वाचा. खोलवर शिलारसात पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. रस वर आला की दाब घटतो, वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटतात आणि फुगत जातात. रस पातळ असेल तर बुडबुडे निसटून जातात. हवाईचा किलाउएया असा आहे: सुमारे ५० टक्के सिलिकाचा बेसाल्ट (थिजला की काळा पाषाण होणारा रस), ११०० अंशांच्या वर तापलेला, कारंजी उडतात, लाव्हा वाहतो आणि बहुतेक वेळा माणूस चालत दूर जाऊ शकतो. रस चिकट असेल, सिलिका ६५-७० टक्क्यांवर असेल, तर बुडबुड्यांना निसटता येत नाही. शेवटी त्यांचा दाब रसालाच फाडतो आणि त्याचे बारीक काचेसारखे कण होतात. त्यालाच आपण राख म्हणतो. ती जळून झालेली नसते, तो चुरा झालेला खडक असतो. म्हणूनच ती विमानाच्या इंजिनात शिरली की वितळते आणि आतल्या भागांवर थिजून बसते. विमान कंपन्या उगीच घाबरत नाहीत.

फिलिपिन्समधला पिनातुबो हे मला या सगळ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. सुमारे पाचशे वर्षं शांत होता, उतारांवर जंगल आणि वस्ती. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी घाईघाईनं भूकंपमापक बसवले, बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मोजला, आणि हजारो लोकांना हलवायला लावलं. १५ जूनला मुख्य उद्रेक झाला, राखेचा स्तंभ ३५ किलोमीटरच्या वर गेला. नेमकं त्याच दिवशी तिथून चक्रीवादळ जात होतं. पावसानं भिजलेली राख जड झाली, घरांची छपरं कोसळली, आणि त्या दिवशीचे बरेचसे मृत्यू त्यात झाले. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गेला, त्याच्या सूक्ष्म थेंबांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं.

त्याच्या उलट कोलंबियातला नेवादो देल रुइझ. १३ नोव्हेंबर १९८५ चा त्याचा उद्रेक आकारानं किरकोळ होता. पण शिखरावर बर्फ होतं, ते वितळलं, राख-दगड घेऊन चिखलाचे लोंढे दऱ्यांतून निघाले आणि काही तासांनी अर्मेरो गाव त्याखाली गेलं. सुमारे २३,००० माणसं गेली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता, अर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. ज्वालामुखी किती मोठा यावर माणसं किती मरतात हे ठरत नाही. तो कशावर बसला आहे, खाली कोण राहतं आणि इशारा कोण ऐकतं, यावर ठरतं.

दुसऱ्या ग्रहांवर नियम तेच, फक्त उष्णता, दाब आणि पदार्थ बदलतात.

चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आपल्याकडे ससा दिसतो, ते बेसाल्टचे सपाट प्रदेश आहेत. त्यातले बहुतेक तीन अब्ज वर्षांपेक्षा जुने. चीनच्या चांग-अ ५ यानानं २०२० मध्ये आणलेला बेसाल्ट मात्र सुमारे दोन अब्ज वर्षांचा निघाला, म्हणजे एवढंसं पिंड समजलं होतं त्यापेक्षा बराच काळ गरम राहिलं. आणि मघाशी मी 'पोटात लाव्हाचा समुद्र नाही' म्हटलं ना, चंद्राच्या जन्मानंतर तिथे तो खरोखर होता. हलकी खनिजं त्यावर तरंगून त्यांचं कवच झालं. २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीनं दक्षिण ध्रुवाकडच्या मातीची जी रचना मोजली, ती या कल्पनेशी जुळते.

मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी जवळपास २२ किलोमीटर उंच आणि सहाशे किलोमीटर रुंद आहे. कारण सोपं: मंगळावर भूपट्ट सरकत नाहीत. हवाईत खालचा उष्ण स्रोत, म्हणजे प्रावरणातून वर येणारा जास्त गरम खडक, जागेवर असतो, वरचा भूपट्ट सरकत राहतो, म्हणून एकामागे एक बेटांची माळ होते. मंगळावर तोच डोंगर कोट्यवधी वर्षं वाढत राहिला. मंगळाचा लाव्हा बघायला मंगळावर जायला नको: २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला अशनी म्हणजे मंगळावरचा बेसाल्ट आहे, आणि त्या गावाच्या नावानं मंगळाच्या खडकांचा एक अख्खा वर्ग ओळखला जातो.

शुक्रावर पृष्ठभागाचा दाबच पृथ्वीच्या नव्वदपट, त्यामुळे तिथे बुडबुडे फुगायला कठीण आणि स्फोट दुर्मीळ असणार. पण ज्वालामुखी जिवंत आहेत: मॅजेलन यानाच्या १९९१ मधल्या रडार प्रतिमा तीस वर्षांनी पुन्हा तपासल्या तेव्हा माट मॉन्स या ज्वालामुखीवरचं एक तोंड आठ महिन्यांत आकार बदलून मोठं झालेलं दिसलं. जुन्या नोंदी कपाटात पडून असतात, त्यातली ही एक कामाला आली. बुधावरही लाव्हाची विस्तीर्ण मैदानं आहेत, पण ती फार जुनी.

खरी गंमत गुरूच्या आयो या उपग्रहाची. आकार आपल्या चंद्राएवढा, म्हणजे तो केव्हाच थंड व्हायला हवा होता. मार्च १९७९ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी गणित मांडलं की युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या दुसऱ्या उपग्रहांच्या ओढीमुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होत नाही, तो गुरूच्या जवळ-दूर होत राहतो, दर वेळी त्याचं अंग दाबलं-ताणलं जातं आणि त्या घर्षणानं तो आतून तापतो. निबंध छापून जेमतेम आठवडा झाला होता, तेवढ्यात व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर उद्रेकाचा फवारा दिसला. भाकीत आणि पुरावा इतक्या लागोपाठ येताना विज्ञानात क्वचित दिसतात. आज तिथे चारशेच्या वर जागृत ज्वालामुखी मोजले आहेत. आणि एवढं असूनही, जुनो यान २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच्या १,५०० किलोमीटर जवळून गेलं तेव्हाच्या गुरुत्वाच्या मोजणीतून निष्कर्ष निघाला की आयोच्या कवचाखालीही उथळ, सर्वत्र पसरलेला शिलारसाचा महासागर नाही. सूर्यमालेतल्या सर्वांत पेटलेल्या पिंडाची ही गत.

आणखी पुढे खडकाची जागा बर्फ घेतं. शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात, कॅसिनी यानानं ते २००५ मध्ये पाहिलं. तिथे पाणी हाच शिलारस.

आता सह्याद्री. त्याचं तोंड शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तिथे शंकूचा डोंगर नव्हताच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्टचे लोंढे पसरले. एकावर एक असे शेकडो थर साचले, मुख्य भर दहा लाखांपेक्षा कमी वर्षांत. आज उरलेलं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला घाटाकडे जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि पूर्वेला कमी होत होत किल्लारीच्या बोअरमध्ये ती साडेतीनशे मीटरसुद्धा भरली नाही. काही लोंढे तर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. माणसानं पाहिलेलं यातलं सर्वांत जवळचं म्हणजे आइसलँडमधला १७८३-८४ चा लाकी उद्रेक: २७ किलोमीटरची भेग, आठ महिने चाललेला लाव्हा, आणि विषारी वायू व दुष्काळात देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. दख्खनच्या एकेका मोठ्या थरापुढे लाकी फारच लहान.

त्या भेगा आजही दिसतात. नाशिक-पुणे भागात, कोकणात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात काळ्या खडकाच्या उभ्या भिंती सरळ रेषेत गेलेल्या असतात. त्यांना आम्ही डाइक म्हणतो. त्यातल्या काहींतून लाव्हा वर आला, आणि आत थिजलेला उरला. डायनोसॉर मेले ते यानेच का, असं नेहमी विचारलं जातं. माझं मत: मेक्सिकोत पडलेला अशनी मुख्य गुन्हेगार, दख्खनच्या वायूंनी परिस्थिती आधी आणि नंतरही बिघडवली. वाटा किती कुणाचा, यावर अजून वाद आहे.

दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला, तो आज कुठे आहे? हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त दूर. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि पुढे मॉरिशस अशी खूण राहिली. लक्षद्वीपची प्रवाळं याच बुडालेल्या ज्वालामुखी रांगेवर बसली आहेत. मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या आणि साताऱ्यातल्या त्यांच्या भाऊबंदांच्या पायाखालचा खडक एकाच स्रोतातून आलेला आहे. रियुनियनवरचा पितों द ला फुरनेज अजूनही बहुतेक वर्षी लाव्हा ओततो.

तेव्हा सह्याद्री पुन्हा पेटेल का, याचं उत्तर नाही असं आहे. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरची गरम पाण्याची कुंडं ज्वालामुखीची नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्वालामुखीचा नव्हता, धरणाच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. लोणारचं सरोवर बेसाल्टमध्ये असलं तरी ते अशनी आदळून पडलेलं विवर आहे, लाव्हाचं तोंड नाही. आणि अधूनमधून 'शेतात ज्वालामुखी निघाला' अशी जी बातमी येते, तिथे आधी वर बघा: बऱ्याचदा विजेची तार तुटून जमिनीला लागलेली असते आणि तिनं माती वितळवलेली असते. त्याला हात लावू नका, विजेच्या कार्यालयात फोन करा.

मुलीला काही दाखवायचं असेल तर पावसाळ्यानंतर वरंधा, आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटात न्या. रस्त्याच्या कापात एक लोंढा निवडा. तळाशी बारीक उभ्या नळ्यांसारखी भोकं, मधे घट्ट काळा पाषाण, वर बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा मऊ भाग. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो बहुतेक हाच. त्या पोकळ्यांत नंतर पाण्यानं आणलेली पांढरी-हिरवी खनिजं भरतात, गारगोट्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्या बघता येतात. कधी कधी दोन लोंढ्यांच्या मधे विटकरी मातीचा थर दिसतो. पहिला लोंढा थंड होऊन त्याची माती होण्याइतका वेळ गेला, मगच दुसरा आला. त्या मातीतून पाणी सहज खाली उतरत नाही, म्हणून कितीतरी किल्ल्यांचे झरे अशा सांध्यावर फुटतात. घट्ट भागाचे कडे होतात, मऊ भागाच्या माच्या होतात. कुठल्याही किल्ल्याकडे लांबून पाहिलं तर पायऱ्या दिसतात, त्या मोजायला सांगा. मुंबईत असाल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे, सुमारे साठ मीटर उंचीचे बेसाल्टचे उभे खांब. वर्गात आणखी पुढे जायचं असेल तर थरांच्या गटांची नावं वाचा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरचे ज्वालामुखीतज्ज्ञ हीच नावं वापरतात, उच्चार मात्र आपापले करतात.